झेडटीचा आकडा आणि त्याची विश्वासार्हता : उष्माविद्युत पदार्थांच्या संशोधनाची एक चिकित्सा

एप्रिल २०१४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात टिन सेलेनाइड या संयुगावरील एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मर्कुरी कनात्झिडिस यांच्या गटात ली-डाँग झाओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केले होते. या संयुगाच्या एकस्फटिकात एका विशिष्ट दिशेने ९२३ केल्विन तापमानाला २.६ इतका झेडटी मिळतो, असे त्यात मांडले होते. याच गटाने दोन वर्षांपूर्वी लेड टेल्युराइडसाठी २.२ हा आकडा दिला होता आणि त्या निबंधाचे पहिले लेखक कनिष्क बिस्वास हे आज बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात आहेत. मात्र २०१४ च्या आकड्याने जी खळबळ माजवली तिचे कारण निराळे होते. त्यात कोणतीही सूक्ष्म रचना घडवलेली नव्हती, कोणतेही अपद्रव्य मिसळलेले नव्हते. एक साधे, दोन मूलद्रव्यांचे, बराच काळ दुर्लक्षित राहिलेले संयुग सर्वांच्या पुढे गेले होते.

पुढील सात वर्षांत या एका आकड्याभोवती जो वाद झाला तो उष्माविद्युत पदार्थांच्या संशोधनक्षेत्राचे गुणदोष समजून घेण्यास फार उपयुक्त आहे. एखाद्या विद्याशाखेने आपल्या सर्व कर्तृत्वाचे माप एकाच आकड्यात साठवले, तर त्या आकड्याची शहानिशा कोण करतो, कशी करतो आणि ती होईपर्यंत काय घडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. पदार्थविज्ञानाबाहेरच्या अध्यापकांनाही तो परका वाटू नये, कारण एकाच आकड्यावर मूल्यमापन टांगण्याची रीत आज सर्वच विद्याशाखांत रुजली आहे.

आकड्याची घडण

एखाद्या पदार्थाचे एक टोक तापवले आणि दुसरे थंड ठेवले, तर दोन टोकांत विद्युतदाब निर्माण होतो. १८२१ मध्ये थॉमस सीबेक यांना हा परिणाम दिसला. गंमत अशी की, तो चुंबकत्वाचा आविष्कार आहे असे खुद्द सीबेक मानत राहिले. या शाखेच्या आरंभीच निरीक्षण अचूक आणि अर्थनिर्णय चुकीचा असा प्रकार घडला आहे. १८३४ मध्ये पेल्तिए यांनी उलट परिणाम नोंदवला. वीज वाहू दिली की सांध्याचे एक अंग थंड होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर जर्मनीतील अल्टेनकिर्च यांनी चांगल्या उष्माविद्युत पदार्थाची अट मांडली आणि शतकाच्या मध्यास लेनिनग्राडच्या अब्राम योफे यांनी ती अर्धवाहकांच्या सिद्धान्ताशी जोडली. झेडटी हे त्याच अटीचे रूप आहे. सीबेक गुणांकाचा वर्ग, गुणिले विद्युतवाहकता, गुणिले निरपेक्ष तापमान, आणि या सर्वाला भागिले उष्मावाहकता. वीज सहज वाहू द्यावी पण उष्णता अडवावी, अशी ही परस्परविरोधी अपेक्षा आहे. बहुतेक पदार्थांत या दोन्ही गोष्टी एकत्रच वाढतात किंवा घटतात.

सूत्र लहान आहे, परंतु त्यात मोजमापाचे चार-पाच स्वतंत्र प्रयोग दडलेले आहेत. सीबेक गुणांक वर्गाने येत असल्याने त्यातील पाच टक्क्यांची चूक झेडटीमध्ये दहा टक्क्यांची होते. उच्च तापमानाला उष्मावाहकता सहसा थेट मोजली जात नाही. उष्णतेच्या विसरणाचा वेग, विशिष्ट उष्मा आणि घनता ही तीन मापे स्वतंत्रपणे घेऊन त्यांचा गुणाकार केला जातो. सीबेक गुणांकात पाच, विद्युतवाहकतेत पाच आणि उष्मावाहकतेत दहा टक्के अशा परस्परांशी संबंध नसलेल्या चुका गृहीत धरल्या, तरी झेडटीची अनिश्चितता पंधरा टक्क्यांवर जाते. याचा अर्थ २.० म्हणून छापलेला आकडा १.७ असू शकतो किंवा २.३ असू शकतो. असे असता १.८ आणि १.९ यांच्यातील फरकाला 'प्रगती' म्हणण्याला मोजमापशास्त्राचा आधार नाही.

ही केवळ तात्त्विक भीती नव्हे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या वाहतूक-पदार्थविषयक करारांतर्गत २००९ पासून बिस्मथ टेल्युराइडचे सारखे नमुने निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांना देऊन त्यांची मापे ताडून पाहण्यात आली. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या पुढाकाराने झालेल्या या कामाचे दोन भाग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. झेडटीच्या गणितात सर्वाधिक अनिश्चित घटक उष्मावाहकता हाच आहे, हा त्यातील निष्कर्ष. त्याच लेखात एक वाक्य असेही आहे की, अलीकडच्या वर्षांत झेडटीमध्ये झालेली सुधारणा मुख्यतः उष्मावाहकता कमी केल्यामुळे झाली आहे. ही दोन विधाने शेजारी ठेवून वाचली म्हणजे क्षेत्राची अडचण ध्यानात येते : जिथे माप सर्वांत कच्चे, तिथेच यश सर्वांत मोठे.

याचा अनुभव पूर्वीही आला होता. १९९३ मध्ये हिक्स आणि मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस यांनी अतिसूक्ष्म थरांच्या रचनेत झेडटी बराच वाढू शकेल असे सैद्धान्तिक भाकीत केले. त्यानंतर २००१ मध्ये रमा वेंकटसुब्रमणियन व सहकाऱ्यांनी बिस्मथ टेल्युराइड व अँटिमनी टेल्युराइड यांच्या आलटून-पालटून थरांत सामान्य तापमानाला सुमारे २.४, तर २००२ मध्ये हरमन व सहकाऱ्यांनी लेडच्या सेलेनाइड-टेल्युराइडमधील 'क्वांटम बिंदूं'च्या थरांत उच्च झेडटी जाहीर केला. पहिल्या आकड्याला स्वतंत्र प्रयोगशाळांतून दुजोरा मिळाला नाही; दुसऱ्याच्या बाबतीत पुढे झालेल्या मोजणीत थरांची उष्मावाहकता आधी धरली होती त्याहून अधिक असल्याचे आढळले. दोन्ही ठिकाणी हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. काही मायक्रोमीटर जाडीच्या थरातून उष्णता किती वाहते हे ठरवणे खरोखरच कठीण आहे.

टिन सेलेनाइडचा वाद

टिन सेलेनाइडकडे वळल्यास चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते, आणि अधिक उद्बोधकही. २०१४ च्या निबंधानुसार ९७३ केल्विनला त्याच्या जालकाची उष्मावाहकता अवघी ०.२३ वॉट प्रति मीटर प्रति केल्विन होती. इतर गटांनी हे संयुग भुकटी दाबून, म्हणजे बहुस्फटिक रूपात, तयार केले तेव्हा त्यांना झेडटी बराच कमी मिळाला आणि उष्मावाहकता एकस्फटिकापेक्षा जास्त मिळाली. हे पाठ्यपुस्तकाच्या विरुद्ध होते. बहुस्फटिकात कणांच्या असंख्य सीमा असतात. त्या उष्णतेला अडवतात, म्हणून त्याची उष्मावाहकता कमी असायला हवी. २०१६ मध्ये पाइ-चुन वेइ व सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्येच आक्षेप नोंदवला. मूळ निबंधातील नमुन्यांची घनता आदर्श घनतेपेक्षा लक्षणीयरीत्या कमी आहे, त्यामुळे ही उष्मावाहकता संयुगाची अंगभूत मानता येईल काय, असा त्यांचा प्रश्न होता. मूळ लेखकांनी त्याला त्याच अंकात उत्तर दिले.

इथपर्यंतची कथा दोन पक्षांच्या भांडणाची वाटते. पुढचा भाग मात्र वेगळा आहे. सोलच्या इन चुंग यांचा गट आणि कनात्झिडिस यांनी मिळून असा तर्क केला की दोष मोजमापात नसून नमुन्यात आहे. पण तो बहुस्फटिक नमुन्यात आहे. हवेच्या संपर्काने कणांच्या पृष्ठभागावर कथिलाच्या ऑक्साइडचे पातळ आवरण चढते. या ऑक्साइडची उष्मावाहकता टिन सेलेनाइडच्या सुमारे १४० पट आहे. कणाकणांच्या सीमेवर जिथे उष्णता अडायला हवी तिथेच तिला वाट मिळते. कच्चा माल शुद्ध करून आणि भुकटीतील ऑक्साइड हायड्रोजनयुक्त वायूत काढून टाकून त्यांनी नमुने केले. २०२१ मध्ये 'नेचर मटेरियल्स'मध्ये त्यांनी बहुस्फटिकासाठी ७८३ केल्विनला सुमारे ३.१ झेडटी जाहीर केला, एकस्फटिकापेक्षाही अधिक. पाठ्यपुस्तकातील क्रम पुन्हा प्रस्थापित झाला.

या निष्पत्तीकडे दोन प्रकारे पाहता येते. एका दृष्टीने हे विज्ञानाच्या आत्मशुद्धीचे उत्तम उदाहरण आहे. आक्षेप आला, तो उघडपणे छापला गेला, आणि त्यातून नमुना कसा करावा याची खरी समज वाढली. आक्षेप आला नसता तर ऑक्साइडचे आवरण कदाचित कुणी शोधलेही नसते. दुसऱ्या दृष्टीने, उत्तर देणाऱ्या गटात मूळ दाव्याचे प्रमुखही आहेत आणि उत्तराचा आकडा मूळ आकड्याहून मोठा आहे. जालकाची ०.०७ इतकी उष्मावाहकता हे मोजमाप पुन्हा त्याच कच्च्या घटकावर उभे आहे. त्यामुळे ३.१ ची खरी परीक्षा त्या गटाशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळांतच होऊ शकते. हे म्हणणे अविश्वासाचे नाही. २०१३ च्या सामूहिक तपासणीतून निघणारा तो साधा धडा आहे.

दुसरीही एक बाजू नजरेआड होते. ९२३ केल्विनचा २.६ हा शिखराचा आकडा आहे. अपद्रव्यविरहित टिन सेलेनाइडचा झेडटी सामान्य तापमानाजवळ अगदी अल्प असतो. एक टोक तापलेले आणि दुसरे थंड असलेल्या प्रत्यक्ष साधनात पदार्थाचा प्रत्येक भाग वेगळ्या तापमानाला असतो. शिखरावर फक्त एक पातळ चकती असते. झाओ यांनीच हे ओळखले, असे म्हणता येईल. २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये त्यांच्या गटाने सोडियम मिसळलेल्या टिन सेलेनाइडसाठी ३०० ते ७७३ केल्विन या संपूर्ण पट्ट्याचा साधनगत झेडटी सुमारे १.३४ दिला. २.६ च्या शेजारी हा आकडा किरकोळ दिसतो, पण अभियंत्याला उपयोगी आकडा हाच. २०१७ मध्ये जेफ्री स्नायडर यांनी साधनाचा झेडटी पदार्थाच्या गुणधर्मांवरून कसा काढावा याची व्याख्या मांडली. तरीही निबंधांच्या शीर्षकात आणि वृत्तपत्रीय बातम्यांत शिखरच झळकत राहिले.

विसरलेले सेलेनाइड

स्मृतीचा प्रश्न मापाइतकाच गंभीर आहे. २०१२ मध्ये 'नेचर मटेरियल्स'मध्ये शांघायच्या संशोधकांचा सहभाग असलेला, तांब्याच्या सेलेनाइडवरचा निबंध आला. त्यातील तांब्याचे आयन द्रवासारखे फिरतात, त्यामुळे उष्णतेचे वहन मंदावते आणि सुमारे १००० केल्विनला झेडटी १.५ मिळतो, अशी ती सुंदर कल्पना होती. पुढच्याच वर्षी ब्राउन, डे, काइया आणि स्नायडर यांनी चांदी-तांब्याच्या सेलेनाइडांच्या रासायनिक स्थैर्याचा ऐतिहासिक आढावा प्रसिद्ध केला. १९७० च्या दशकात याच वर्गाचे पदार्थ अमेरिकेच्या अवकाश कार्यक्रमासाठी विकसित केले गेले होते, गॅलिलिओ यानाच्या वीजजनित्रासाठी त्यांचा विचार झाला होता, आणि ते टिकत नाहीत असे आढळल्यावर सोडून दिले गेले होते. फिरणारा आयन उष्णता अडवतो हे खरे, पण विद्युतप्रवाहाखाली तोच आयन एका टोकाला जाऊन साचतो. गॅलिलिओ १९८९ मध्ये निघाले ते सिलिकॉन-जर्मेनियमची जनित्रे घेऊन.

येथे दोष कुणा एकाचा दाखवता येत नाही. जुन्या प्रकल्पांचे अहवाल नियतकालिकांत नव्हते, ते शासकीय कपाटांत होते. परंतु अपयशाची नोंद सहज सापडत नाही आणि झेडटीचे कोष्टक सहज सापडते, ही या क्षेत्राची रचनाच आहे. शांघायच्या गटाने हा आक्षेप मनावर घेतला, ही नोंदण्यासारखी गोष्ट. २०१८ मध्ये त्यांनी अशा पदार्थांत धातू बाहेर पडू नये म्हणून विद्युतदाबाची कोणती मर्यादा पाळावी लागेल ते प्रयोगाने दाखवले. हे काम एखाद्या नव्या विक्रमापेक्षा मोलाचे ठरावे, पण मराठीच काय, इंग्रजी वृत्तपत्रांतही त्याची बातमी झाल्याचे क्वचितच दिसते.

पदार्थ आणि साधन

क्रोनिन व्हायनिंग यांनी २००९ मध्ये 'नेचर मटेरियल्स'मध्ये उष्माविद्युतशास्त्राविषयीचे एक गैरसोयीचे सत्य मांडले होते. झेडटी बराच वाढला तरी मोठ्या प्रमाणावरील वीजनिर्मितीत ही साधने यांत्रिक इंजिनांची जागा घेऊ शकणार नाहीत. त्यांचे खरे स्थान लहान, निःशब्द, देखभालीविना चालणाऱ्या कामांत आहे, हा त्यांचा युक्तिवाद. तो साध्या गणितानेही पटतो. उष्ण टोक ६०० आणि थंड टोक ३०० केल्विन असेल तर निसर्गनियमाने ठरलेली कार्यक्षमतेची कमाल मर्यादा ५० टक्के. त्यात सरासरी झेडटी १ असता सुमारे ११ टक्के, २ असता १६ टक्के आणि ३ असता २० टक्के कार्यक्षमता मिळते. झेडटी तिप्पट करूनही कार्यक्षमता दुप्पट होत नाही. शिवाय हे आदर्श साधनाचे आकडे आहेत. व्हायनिंग यांना क्षेत्राने रीतसर उत्तर दिले असे दिसत नाही. जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा किती मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो, हे वाक्य मात्र या विषयावरील निबंधांच्या पहिल्या परिच्छेदात आजही जवळजवळ मंगलाचरणासारखे येते. मोटारीच्या धुराड्यातील उष्णतेपासून वीज, हे २००० च्या दशकातील मोठे उद्दिष्ट होते. सर्वसामान्य प्रवासी मोटारीत ते उतरले नाही.

व्हायनिंग यांनी सांगितलेल्या जागी मात्र हे तंत्र ठामपणे उभे आहे. १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांना प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणाऱ्या सिलिकॉन-जर्मेनियमच्या जनित्रांनी पोसले आहे आणि त्यांची शक्ती क्षीण होत गेली तरी ती चालू आहेत. या पदार्थाचा सरासरी झेडटी एकपेक्षा कमी आहे. विक्रमांच्या कोणत्याही यादीत तो वर दिसणार नाही.

पदार्थ आणि साधन यांच्यामधील अंतर मुंबईच्या वाचकाला तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील कामातून चांगले समजते. अस्वाल, रणिता बसू आणि अजय सिंह यांनी २०१६ मध्ये लिहिलेल्या आढाव्यात उष्माविद्युत जनित्रांपुढील दोनच मुख्य प्रश्न मानले आहेत : उच्च झेडटीचे पदार्थ, आणि त्या पदार्थाचा धातूच्या पट्टीशी होणारा सुवाहक सांधा. दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याच्या बरोबरीचे स्थान देणे ही मोठी गोष्ट आहे. सांध्याचा विद्युतरोध जास्त असेल, किंवा तापून-थंड होण्याच्या चक्रात तो तडकला, तर पदार्थाचा झेडटी तीन असून काही साधत नाही. सांधा करणे हे कारागिराचे, चिकाटीचे काम आहे. त्याला झेडटीसारखा एक आकर्षक आकडा नाही आणि म्हणून त्यावरचे निबंध कमी गाजतात.

अलीकडच्या दोन घडामोडी मात्र दिशा थोडी बदलत असल्याचे सुचवतात. जपानच्या त्सुकुबा येथील ताकाओ मोरी यांच्या गटाने २०२१ मध्ये मॅग्नेशियम-अँटिमनी आणि मॅग्नेशियम-चांदी-अँटिमनी यांच्या जोडीचे, बिस्मथ टेल्युराइडविरहित साधन करून त्याची सुमारे ७.३ टक्के कार्यक्षमता शीर्षकातच दिली. झेडटी मागे गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने टेल्युरियम आणि बिस्मथ यांच्या निर्यातीवर नियंत्रण जाहीर केल्यावर या दिशेचे व्यावहारिक महत्त्वही वाढले, कारण शीतकरणाच्या बाजारातील साधने याच दोन मूलद्रव्यांवर उभी आहेत. दुसरी घडामोड अधिक बोलकी आहे. २००१ चा वादग्रस्त आकडा देणारे वेंकटसुब्रमणियन यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत, सॅमसंगच्या सहकार्याने, २०२५ मध्ये थरांच्या पदार्थांवर आधारित शीतकरणाचे काम प्रसिद्ध केले. या वेळी पदार्थाच्या पातळीवर जवळजवळ दुप्पट, साधनाच्या पातळीवर सुमारे ७५ आणि संपूर्ण शीतयंत्रणेच्या पातळीवर सुमारे ७० टक्के सुधारणा, असे तीन आकडे क्रमाने दिले गेले. पायरीपायरीने लाभ किती गळतो हे त्यात उघड दिसते. चोवीस वर्षांत एकाच संशोधकाची मांडणी कशी पालटली, हे क्षेत्राच्या प्रौढत्वाचे एक माप मानता येईल.

भारतीय संदर्भ

भारतात या विषयाची दोन टोके आहेत. बंगळुरूला बिस्वास यांच्या गटाने २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये कॅडमियम मिसळलेल्या चांदी-अँटिमनी टेल्युराइडसाठी ५७३ केल्विनला २.६ झेडटी जाहीर केला. अणूंची विस्कळीत मांडणी सुधारून तो मिळवला होता. दुसऱ्या टोकाला विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रासायनिक द्रावणातून बिस्मथाच्या सेलेनाइड-टेल्युराइडच्या पातळ फिल्म बसवण्याचे काम दीर्घकाळ झाले आहे आणि त्या परंपरेतून शिकलेले अनेक अध्यापक आज महाराष्ट्रभरच्या महाविद्यालयांत आहेत. अशा फिल्मचा सीबेक गुणांक आणि विद्युतवाहकता साध्या, घरी जुळवलेल्या उपकरणानेही मोजता येते. उष्मावाहकता मात्र मोजता येत नाही, कारण बरीचशी उष्णता खालच्या काचेतूनच निघून जाते. लेसरने विसरणाचा वेग मोजणारे यंत्र सर्वसाधारण महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेर आहे.

अशा स्थितीत दोन मार्ग उरतात. एक म्हणजे उष्मावाहकतेचा आकडा दुसऱ्या कुणाच्या निबंधातून घेऊन झेडटी छापणे. याची तुलना एका शेताचे क्षेत्र आणि दुसऱ्या शेताचे पीक घेऊन एकरी उत्पन्न काढण्याशी करता येईल. दुसरा मार्ग म्हणजे केवळ सीबेक गुणांक आणि वाहकता नीट, पुनःपुन्हा, तापवताना आणि थंड होताना मोजून तेवढेच सांगणे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने बिस्मथ टेल्युराइडचा सीबेक गुणांकासाठीचा प्रमाणित नमुना उपलब्ध केला आहे. घरगुती उपकरण त्यावर पडताळून घेता येते. दुसऱ्या मार्गाने शीर्षकात झेडटी येत नाही आणि गाजलेल्या नियतकालिकाचे दार उघडण्याची शक्यता कमी होते. संशोधक विद्यार्थ्याला मार्गदर्शकाने कोणता मार्ग दाखवावा हा प्रश्न म्हणूनच प्रयोगशाळेपुरता राहत नाही. विद्यावाचस्पतीच्या मौखिक परीक्षेत तिन्ही मापे एकाच तुकड्यावर व एकाच दिशेने घेतली का, विशिष्ट उष्मा मोजली की गृहीत धरली, आणि तापवून पुन्हा थंड केल्यावर पहिला आकडा परत आला का, एवढे तीन प्रश्न बहिःस्थ परीक्षकाने विचारले, तरी प्रबंधातील पुष्कळ कोष्टकांना नव्याने टीप जोडावी लागेल.